.३०० विंचेस्टर मॅग्नमसाठी मझल ब्रेक कसा निवडावा?

डोंगरवाट (कोलोरॅडो)

नमस्कार. माझ्याकडे .३०० विंचेस्टर मॅग्नमची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. दुर्बिणीसकट वजन जेमतेम ८ पौंड, नळी २६ इंचांची, आणि नळीच्या तोंडाशी ५/८-२४ चे (५/८ इंच व्यास, इंचाला २४) आटे कारखान्यातूनच पाडून आलेले आहेत. नोव्हेंबरमधल्या एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) हंगामासाठी १८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग) गोळीने सराव चालू आहे. परंतु टेबलावर बसून दहा-बारा गोळ्या झाडल्या की खांदा बोलू लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे चाप ओढण्याआधीच माझा डोळा मिटतो. रेंजवरच्या एका मित्राने मला न सांगता खऱ्या काडतुसांमध्ये एक नकली काडतूस मिसळले, तेव्हा नुसता ‘टक्’ असा आवाज झाला आणि नळी इंचभर खाली झुकलेली आम्हा दोघांनाही दिसली, म्हणजे धक्क्याच्या धास्तीने मीच ती दाबत होतो.

म्हणून मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा आणि वायू बाजूला वळवून धक्का कमी करणारा तुकडा, बसवावा असे ठरवले आहे. बाजारात दोन प्रकार दिसतात: चहूबाजूंनी बारीक भोके असलेले आणि डाव्या-उजव्या बाजूंना मोठ्या खिडक्या असलेले. कंपन्या धक्का ‘५० टक्के कमी’ होईल असे लिहितात. ते कितपत खरे मानावे? शिकारीच्या रायफलीला कोणता प्रकार बरा, आवाज किती वाढतो, आणि बसवण्याचे काम घरी करता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गतिज (ह्यूस्टन)

टक्केवारीचा घोळ समजायचा असेल तर आधी धक्क्याचे गणित पाहावे लागेल. तुमची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २९५० फूट वेगाने निघते, आणि तिच्यामागून साधारण ७० ग्रेन दारूचा वायू त्याहूनही वेगाने, ४००० फुटांच्या आसपास, बाहेर पडतो. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार केला तर एकूण संवेगात वायूचा वाटा एक-तृतीयांशाच्या घरात जातो. पण गोळी नळीत असेपर्यंत जो धक्का बसून गेलेला असतो, त्याला कोणताही ब्रेक हात लावू शकत नाही. गोळी बाहेर पडल्यावर जो वायू उसळतो तेवढाच त्याच्या ताब्यात येतो, आणि तो भाग एकूण संवेगाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक असतो.

हा वायू ब्रेकने नुसता आडवा वळवला तर संवेग २० टक्क्यांच्या आसपास घटतो. खिडक्यांच्या भिंती मागे कललेल्या असतील आणि वायू किंचित मागे फेकला जात असेल, तर घट ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे संवेग ७० टक्के उरला की ऊर्जा ४९ टक्केच उरते. कंपनीचे ‘५० टक्के’ म्हणजे हेच. ते खोटे नाही, पण मोठा दिसणारा आकडा निवडून छापलेला आहे.

तुमच्या रायफलीची धक्क्याची ऊर्जा ८ पौंड वजनाला साधारण २६ फूट-पौंड निघते. चांगल्या ब्रेकने ती १३ ते १७ च्या दरम्यान यावी. एवढ्याच वजनाची .३०८ विंचेस्टर (त्याच व्यासाची गोळी, पण कमी दारूचे काडतूस) ब्रेकशिवाय १५-१६ च्या आसपास धक्का देते, म्हणजे ब्रेक लावून तुमची मॅग्नम खांद्यापुरती .३०८ होईल. गोळीच्या मानाने दारू जितकी जास्त, तितका ब्रेकचा उपयोग अधिक, आणि या हिशेबाने तुमचे काडतूस ब्रेकसाठी अगदी योग्य आहे.

प्रकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: बाजूला खिडक्या असलेला, शक्य तर वरच्या अंगाला दोन-तीन छोटी भोके असलेला ब्रेक घ्यावा. वरून सुटणारा वायू नळीचे तोंड खाली दाबतो, त्यामुळे गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून तुम्हाला स्वतःला दिसू शकते. चहूबाजूंनी सारखी भोके असलेल्या ब्रेकमध्ये वरचा आणि खालचा दाब एकमेकांना खोडून काढतात.

कानसेन (न्यू जर्सी)

वरचे गणित बिनचूक आहे, पण ते खांद्याचे झाले. कानाचे कोणी मांडले नाही. अशा रायफलीचा आवाज ब्रेकशिवायच १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि क्षणिक आवाजासाठी धोक्याची मर्यादा १४० मानली जाते. ब्रेक तोच स्फोट बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे नेमबाजाच्या कानाशी आवाज आणखी काही डेसिबलने चढतो. डेसिबलची पट्टी लॉगरिदमची असल्याने ‘काही’ हा शब्द फसवा आहे. शेजारच्या बाकावरच्या माणसाला तर तो आवाज कानात नव्हे, छातीत बसतो. मी पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीला जातो (आमच्या राज्यात हरणांवर रायफल चालवता येत नाही), आणि तिथल्या आमच्या गटात ब्रेकवाल्याने टोकाला, इतरांच्या थोडे पुढे बसायचे, असा अलिखित नियम आहे. कित्येक वाटाडे ब्रेक लावलेली रायफल पाहिली की कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचे चुकत नाही, कारण ते नेमके तुमच्या खांद्याला खांदा लावून दुर्बिणीतून पाहत असतात.

रेंजवर कानात बोळे आणि वरून कर्णकवच, दोन्ही वापरावे. दोन्हींची बेरीज होते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जे अधिक चांगले असेल त्यापेक्षा सुमारे ५ डेसिबलचेच जादा संरक्षण मिळते. शिकारीत खरी अडचण येते. तासन्‌तास वाट पाहून एल्क समोर येतो तेव्हा बोळे खिशातच असतात. फांदी मोडल्याचा आवाज ऐकू देणारे आणि स्फोट अडवणारे इलेक्ट्रॉनिक कर्णकवच सकाळपासून डोक्यावर ठेवण्याची तयारी नसेल, तर ब्रेक घेऊ नये असे मी म्हणेन.

तुम्ही कोलोरॅडोत आहात, म्हणजे तुम्हाला सप्रेसरचा (नळीवर लावायच्या आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचा) मार्ग मोकळा आहे. आम्हा न्यू जर्सीकरांना तो नाही. सप्रेसर वायूला अडवून हळूहळू सोडतो, त्यामुळे धक्काही बराच कमी होतो, भल्या ब्रेकइतका नसला तरी. अमेरिकेच्या १९३४ च्या शस्त्र कायद्याने लागू झालेला २०० डॉलरचा कर सप्रेसरपुरता १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे. बोटांचे ठसे, अर्ज आणि मंजुरीची वाट पाहणे मात्र कायम आहे. नळीपुढे सहा-आठ इंच लांबी वाढते, आणि २६ इंचांच्या नळीवर ती झाडीत अडकेल, हा त्याचा तोटा.

तोफखाना (नाशिक रोड)

रायफलीवरच्या ब्रेकचा मला अनुभव नाही, तोफांच्या ब्रेकचा आहे. बोफोर्सच्या एफएच-७७बी तोफेच्या तोंडाशी भोकाभोकांचा ब्रेक आहे. कोरड्या जमिनीवर तोफ डागली की समोर धुळीचा लोट उठतो. पोटावर झोपून मारा करणार असाल तर खालच्या बाजूला भोके असलेला ब्रेक हेच लहान प्रमाणात करील: माती किंवा बर्फ तुमच्याच दुर्बिणीसमोर उडेल आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी काही दिसणार नाही. दुसरे असे, की ब्रेक आणि गोळा यांच्यातील अंतर ही हलक्यात घेण्याची बाब नाही. २०१७ मध्ये धनुष तोफेच्या चाचण्यांच्या वेळी गोळा मझल ब्रेकला लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या अनेकांना आठवत असतील.

टूलरूम (मिशिगन, मूळचा पिंपरीचा)

वरच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण कोणता ब्रेक घ्यावा यावर लोक महिनाभर चर्चा करतात आणि बसवायला पाच मिनिटेही देत नाहीत. ब्रेकचे भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे ठेवतात, म्हणजे तुमच्या .३०८ इंचाच्या गोळीला .३२८ च्या आसपास. प्रत्येक बाजूला फक्त १० थाऊ मोकळीक उरते. ५/८-२४ चेच आटे मोठ्या-लहान बोअरच्या ब्रेकनाही असतात, त्यामुळे ६.५ मिलिमीटरचा ब्रेक तुमच्या नळीवर सुरेख बसेल, आणि पहिल्याच गोळीला फुटेल. खोक्यावर .३०० किंवा .३०८ लिहिलेले पाहूनच घ्या.

ब्रेक सरळ बसतो तो आट्यांमुळे नव्हे, तर आट्यांच्या मागे नळीला जो खांदा असतो त्यावर तो सपाट टेकतो म्हणून. तो खांदा स्वच्छ पुसून, त्यावर रंगाचा कण किंवा जुनी चिकटी नाही ना ते नखाने चाचपून पाहा. खिडक्या डावी-उजवीकडे बरोबर आडव्या याव्यात म्हणून काही जण क्रश वॉशर (आवळल्यावर दबणारी चकती) वापरतात; मला तो या कामाला पसंत नाही, कारण तो एका बाजूला जास्त दबला तर ब्रेक तिरका होतो. त्याऐवजी दोन्ही बाजू समांतर असलेल्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) वापराव्यात, किंवा मागे स्वतंत्र नट असलेला ब्रेक घ्यावा, जो हव्या त्या स्थितीत धरून नट आवळता येतो. घरी करणाऱ्यासाठी हा दुसरा प्रकारच सोयीचा. शेवटी २० ते २५ फूट-पौंडांवर टॉर्क पान्याने आवळा, आणि आवळताना नळी शिकंजात धरा, दस्ता नव्हे. नेहमीचे निळे थ्रेड-लॉकर इथे टिकत नाही. नळी तापली की ते मऊ पडते.

मग काडतूस नसल्याची खात्री करून नळीत सरळपणा तपासण्याची घासून नेमकी केलेली सळई घाला आणि ब्रेकच्या भोकात ती मध्यावर दिसते का ते पुढून पाहा. एका बाजूला चिकटलेली दिसली तर एकही गोळी न झाडता गनस्मिथकडे (बंदुकांच्या कारागिराकडे) जा. साधी हार्डवेअरच्या दुकानातली सळई चालणार नाही, ती स्वतःच वाकलेली असते.

डोंगरवाट (कोलोरॅडो)

सर्वांचे मनापासून आभार. मी झाडीतून आणि बहुधा एकट्यानेच फिरणार असल्याने लांब सप्रेसर सध्या बाजूला ठेवतो. बाजूला खिडक्या, खालून बंद आणि मागे नट असलेला .३०८ चा ब्रेक घेण्याचे ठरवत आहे. सोबत इलेक्ट्रॉनिक कर्णकवच. एकच शंका उरते: सराव ब्रेक लावून करावा आणि शिकारीच्या दिवशी तो काढून आट्यांवर टोपण लावावे, असे काही जण सुचवतात. एका गोळीपुरता धक्का जाणवणारही नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हे चालेल का?

टूलरूम (मिशिगन, मूळचा पिंपरीचा)

धक्क्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण समोर जनावर असताना खांद्याकडे कोणाचे लक्ष नसते. पण ब्रेकचे तीन-चार औंस वजन नळीच्या टोकाशी असते. ते काढले की नळीची थरथर बदलते आणि गोळी लागण्याची जागा सरकते. कधी इंचभर, कधी त्याहून अधिक, आणि दिशा प्रत्येक रायफलीची वेगळी. काढूनच जायचे असेल तर १०० यार्डांवर दोन्ही स्थितींत किमान तीन-तीन गोळ्यांचे गट घ्या, फरक दुर्बिणीच्या क्लिकमध्ये (नेम सरकवणाऱ्या चकतीच्या खाचांत) मोजा, आणि तो आकडा दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. ब्रेक पुन्हा लावाल तेव्हाही टॉर्क तोच ठेवा आणि एक गट पुन्हा घ्या.

कानसेन (न्यू जर्सी)

आणि ब्रेक काढला तरी कर्णकवच काढू नका. १६० डेसिबल तेव्हाही आहेतच.