पोराची खोली रिकामी करायला हात धजत नाही

शिवणकर: होळी झाली, आवराआवर काढलीये, मुलगा नोकरीला बंगळूरला गेला तरी त्याची खोली जशीच्या तशी, बारावीच्या नोट्स, मूठ सुटलेली बॅट. मला तिथे शिलाई मशीन मांडायचंय पण काही हलवलं की पोटात कालवतं. तुम्ही काय केलंत?

टेकडीवाला: काटेसावर बघा ना, आधी पानं टाकते मग बिनपानाची लालभडक फुलते. आणि पानं काय नुसती वाऱ्याने पडत नाहीत, झाड आधी पानातलं नत्र बरंचसं परत ओढून घेतं, मग देठाशीच पेशींचा थर कमकुवत करून ते सोडतं. तुम्हीही कामाचं काढून घ्या आधी.

पेठेतली: झाडाला पोरं नसतात हो दादा 😄 ताई, त्यालाच व्हिडिओ कॉल लावा. माझी लेक म्हणाली "दे टाकून सगळं", रडले मीच. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी घेतात, बाकी भंगारवाला.

कोथरूडकर: मशीन आधी आत न्या, जागा आपोआप होते.

शिवणकर: केला कॉल. बॅट ठेव म्हणाला, बाकी काढ. सायन्सच्या नोट्स कुणाला हव्यात का? फिजिक्सचं अक्षर जरा भयंकर आहे.