पायथॉनमध्ये ‘लिस्ट’ हे नाव चालते, मग ‘क्लास’ का चालत नाही?

प्रश्न:
मी पायथॉन ३ शिकत आहे. हजेरीचा प्रोग्राम लिहिताना इयत्ता साठवण्यासाठी मी व्हेरिएबलला ‘क्लास’ असे नाव दिले, तेव्हा एकही ओळ चालण्याआधीच सिंटॅक्स एरर आला. विद्यार्थ्यांची नावे मात्र मी ‘लिस्ट’ या नावाने साठवली आणि त्याला कोणतीच हरकत आली नाही; पण पुढे एका टपलची (बदलता न येणाऱ्या क्रमवार संचाची) यादी करण्यासाठी लिस्ट हे फंक्शनसारखे वापरले, तेव्हा ‘लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ असा टाइप एरर मिळाला. दोन्ही शब्द भाषेचेच असताना हा भेद कशासाठी?

उत्तर १:
‘क्लास’ हा राखीव शब्द असून तो भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे, त्यामुळे पार्सर, म्हणजे प्रोग्रामचे व्याकरण तपासणारा भाग, तिथेच थांबतो. ‘लिस्ट’ हे मात्र बिल्टइन्स या पायथॉनसोबत तयार मिळणाऱ्या मॉड्यूलमधले साधे नाव आहे. पायथॉन कोणतेही नाव आधी चालू फंक्शनमध्ये, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, मग आपल्या मॉड्यूलमध्ये आणि सर्वांत शेवटी बिल्टइन्समध्ये शोधतो; म्हणून आपण दिलेले नाव मूळ नावाला झाकते, पुसून टाकत नाही. ‘डेल लिस्ट’ असे लिहून पाहावे, मूळ लिस्ट परत मिळेल. ‘क्लास’ऐवजी शेवटी अंडरस्कोर जोडलेले नाव वापरावे, असे पेप ८ ही पायथॉनची अधिकृत लेखनशैली मार्गदर्शिका सुचवते.

उत्तर २:
वरील उत्तराला एक जोड देतो. ही सीमारेषा कायमची नाही. पायथॉन २ मध्ये ‘ट्रू’ला चक्क ‘फॉल्स’ ही किंमत देता येत असे. २००८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत हे दोन्ही शब्द राखीव झाले. २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीने ‘असिंक’ राखीव केला, तेव्हा ते नाव पॅरामीटरला दिलेल्या काही लायब्ररी बंद पडल्या. ३.१० मध्ये ‘मॅच’ आणि ‘केस’ आणताना ते केवळ विशिष्ट जागीच राखीव मानले गेले, आणि माझ्या मते तो निर्णय फार योग्य होता, कारण ‘मॅच’ हे नाव असंख्य जुन्या प्रोग्राममध्ये आहे.

उत्तर ३:
पायथॉन ३ देवनागरी नावेही स्वीकारतो, त्यामुळे ‘इयत्ता’ आणि ‘यादी’ अशी नावे दिल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र काही कीबोर्ड न दिसणारे जोडचिन्ह घालून उमटवतात, आणि ते चिन्ह नावात आले की पुन्हा सिंटॅक्स एरर येतो, तिथे नुक्ता असलेला ऱ वापरावा.