पार्किन्सन्स असलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावरील सेबोरिक डर्मटायटिस : स्टिरॉइडशिवाय आटोक्यात कसा ठेवावा?

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील आहोत. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, सत्तरीच्या आसपासचे असून त्यांना काही वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. थंडी पडू लागली की त्यांच्या चेहऱ्यावर सेबोरिक डर्मटायटिसचा, म्हणजे तेलकट खपल्या धरणाऱ्या त्वचादाहाचा, जो त्रास उफाळतो, त्यासंबंधी मदत हवी आहे.

नाकपुड्यांपासून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या, दोन भुवयांमधली जागा, कानामागचा भाग आणि मिशीचे मूळ या ठिकाणी कातडी लाल होते आणि तिच्यावर पिवळसर, बोटाला तेलकट लागणाऱ्या खपल्या धरतात. नानांनी भुवई खाजवली की त्या भुशासारख्या सदऱ्यावर पडतात. गावात दाढी करणाऱ्याने हा नायटा समजून वस्तरा लावण्यास नकार दिला. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे घरातल्यांनाही पटवून द्यावे लागले.

एका मेडिकलमधून चिठ्ठीविना मिळालेल्या मलमात क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे सारे एकत्र होते. ते लावले की चेहरा दोन-चार दिवसांत निवळायचा, थांबवले की लाली पूर्वीपेक्षा जास्त यायची, आणि पुढे तर गालांवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागली. बाह्य वापराची अनेक स्टिरॉइडे 2018 मध्ये शेड्युल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आली, तरीही अशी ट्यूब मागताक्षणी हातात पडते, हे काही बरे नाही.

त्यानंतर नांदेडला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सर्वांच्याच त्वचेवर असते व त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. पार्किन्सन्समध्ये हे तेल वाढते, त्यामुळे हा आजार अशा रुग्णांत अधिक आढळतो, असे त्यांनी सांगितले. किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचे 2 टक्के क्रीम दिवसातून दोनदा चार आठवडे, सुरुवातीचे मोजके दिवस हायड्रोकॉर्टिझोन 1 टक्का हे सौम्य स्टिरॉइड, आणि पुढे रात्री आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस 0.03 टक्के हे दाह कमी करणारे, स्टिरॉइड नसलेले मलम असा उपचार ठरला. पहिल्या टप्प्याचा गुण उत्तम आला. अडचण आता आहे. टॅक्रोलिमस लावताच आग होते म्हणून नाना लगेच तोंड धुऊन टाकतात. किटोकोनॅझोलच्या शाम्पूने तोंड धुण्याचाही सल्ला आहे, परंतु हात थरथरत असल्यामुळे फेस डोळ्यांत जाण्याची भीती वाटते. त्यात आई रोज रात्री करडईचे तेल चोळते, कारण त्याने खपल्या मऊ पडतात. ज्यांनी घरातील वृद्धांसाठी हे सांभाळले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

माझ्या सासऱ्यांना हेच दोन्ही आजार आहेत, म्हणून आमच्याकडे जे चालते ते सांगते. मात्र औषधात बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. टॅक्रोलिमसची आग बहुतेकांना सुरुवातीचे काही दिवस होते व पुढे ओसरते. तोंड धुतल्यावर लगेच ओलसर कातडीवर ते लावू नये, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि मलमाचा थर अगदी पातळ असावा. एवढे करूनही सोसवत नसेल, तर त्याच गटातील पिमेक्रोलिमस 1 टक्का क्रीमविषयी डॉक्टरांना विचारून पाहावे.

शाम्पू नानांच्या हाती देऊच नका. त्यांना खुर्चीवर बसवून, डोळे मिटायला सांगून तुम्हीच बोटांवर फेस करून भुवया, नाकाच्या घड्या आणि कानामागे लावा, तीन ते पाच मिनिटे राहू द्या आणि मग ओल्या फडक्याने खालच्या दिशेने पुसत स्वच्छ करा. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा आणि चेहरा निवळल्यावर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा एवढे पुरते. डोक्यात कोंडा असेल तर डोकेही त्याच शाम्पूने धुवावे, नाहीतर तो त्रास पुन्हा कपाळावर उतरतो.

करडईचे तेल मात्र थांबवावे. वनस्पती तेलातील मेदाम्लांवर ही बुरशी पोसली जाते. कोरडेपणासाठी साधे पेट्रोलियम जेली पातळ लावावे, आईंचे समाधानही त्यात होईल. पार्किन्सन्सच्या गोळ्यांची वेळ वा मात्रा चेहऱ्यासाठी बदलू नये. पापण्यांच्या कडांना खपल्या धरू लागल्या तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. आणि मिशी बारीक कातरून ठेवावी, म्हणजे क्रीम केसांवर न राहता कातडीपर्यंत पोचते.