गार गावातून तापत्या गावात राहायला आलेले कोण कोण? ऊन आणि शेजार, दोन्हीचं लिहा

वाईची लेक आर्वीची सून
आज सकाळी कुलरचं गवत बदलणारा आला होता. जुनं काढलं, नवीन वाळा भरला, वरून दोन मग पाणी मारलं आणि तो वास आला ना, डायरेक्ट २००९ चा एप्रिल.

मिस्टरांची बदली विदर्भात आर्वी तालुक्यात झाली, वाईहून ट्रॅव्हल्सने आलो, खोली मिळाली ती वरच्या मजल्यावरची, स्लॅबची, पश्चिमेला तोंड करून. वाईला आमची सवय काय, उकडलं की खिडकी उघडायची, कृष्णेवरचं वारं येतं. इथं पण तेच केलं. भर बाराला तिन्ही खिडक्या सताड. दहा मिनिटांत खालच्या आजी धापा टाकत जिना चढून वर, "वं बाई, बह्याड झाली का, खिडक्या काऊन उघड्या टाकल्या? घराची भट्टी करून राहिली!" स्वतःच फटाफट लावल्या, माझी बेडशीट बादलीत बुचकळून खिडकीवर टांगली आणि तिथंच फतकल मारून बसल्या. मग सुरू. गाव कोणतं, पगार किती, लग्नाला किती वर्षं, चार? मग लेकरू काऊन नाही? त्या गेल्यावर मी रडले होते. आता हसू येतं असं नाही लिहिणार, अजून थोडं टोचतं.

पण त्याच आजींनी संध्याकाळी नातवाबरोबर माठ पाठवला. वापरातला. निरोप काय तर नव्या माठाला दोन दिवस मातीचा वास येते, तवर हा घे. आणि रात्री नऊला खालून हाक, "बाज कुठं टाकू तुमची?" मला कळेच ना. बघते तर सगळी गल्ली अंगणात बाजा टाकून झोपलेली, सासरे एका टोकाला, सुना एका टोकाला. दोन रात्री मी हट्टाने आत झोपले. तिसऱ्या रात्री उशी घेऊन खाली.

आजी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. आज हे सगळं निघालं कारण भाचीचा फोन. नाशकात असतात, जावयांना यवतमाळ जिल्ह्यात नोकरी मिळतेय, खेड्यातच राहावं लागेल, पदरी दोन वर्षांचं लेकरू. "आत्या, फोनवर ४५ दाखवतंय गं, आणि माणसं कशी आहेत?" म्हटलं थांब, विचारून सांगते. तर लिहा. गोडगोड नको.

पांढरकवडा पोस्टिंग
बसमध्ये आहे, चुका माफ. पहिला मे, साडेतीनला उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर बसलो आणि बसलो त्याच्या दुप्पट स्पीडने उठलो. चहावाल्याने मुकाट्याने सीटवर मगभर पाणी ओतलं, म्हणाला साहेब नवीन का. त्याच आठवड्यात घोळणा फुटला, शर्टभर रक्त, मी घाबरून कोल्हापूरला फोन लावतोय आणि हा चहावाला कांदा फोडून माझ्या नाकाशी धरून बसलेला. कांद्याने थांबतं का देव जाणे, थांबलं खरं. दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभं करून दुपट्टा बांधायला शिकवला, डोळे सोडून सगळं बंद. आईला फोटो पाठवला तर म्हणाली दरोडा घालायला निघालास का. उतरायचंय, नंतर लिहितो

अस्सल वऱ्हाडी
४५ ले भेते का भाची? राजेहो ४५ म्हंजे आमच्याकडं "आज जरासं बरं हाये". नवतपा तं लागाचाच हाये अजून, २५ मेपासून नऊ दिवस, तवा पाहा म्हना फोनात.

उमरेडची
घाबरवू नको बे तिला. २०२४ ला नागपुरात ५६ दाखवलं तेव्हा तूच स्क्रीनशॉट फिरवत होता ना सगळीकडे

अस्सल वऱ्हाडी
हाव ना. मंग हवामान खात्यानं सांगतलं का सेन्सर बिघडला होता म्हून. माह्या मते त्यालेच ऊन लागलं.

रत्नागिरी ते ब्रह्मपुरी
माझा अनुभव जरा उलटा. आमच्याकडे ३४ ला माणूस विरघळतो, दिवसातून तीनदा आंघोळ. इथे ४५ ला घाम दिसतच नाही, येतो तो उडून जातो, आणि भानगड तीच आहे, घाम दिसत नाही म्हणून पाणी प्यायची आठवण होत नाही. पहिल्या वर्षी लघवीला इतकी जळजळ की डॉक्टरकडे जावं लागलं. आता किचनमध्ये बाटल्या भरून ठेवते, संध्याकाळपर्यंत संपल्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत. कुलर ही वस्तू मी इथेच येऊन वापरली, कोकणातल्या दमट हवेत तो काय करणार. इथे कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून गार वाटतं, पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कुलर नुसती चिकचिक करतो, ते पंधरा-वीस दिवस मला तरी मेपेक्षा वाईट जातात, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहिलं. धुणं मात्र अर्ध्या तासात वाळतं, कुरड्या एका दिवसात कडकडीत!

शेजार म्हणाल तर आमचं घर वाडीत, शेजारी हाकेच्या अंतरावर, तेही वारा असेल तर. इथे भिंतीला भिंत. माझ्या कुकरच्या शिट्ट्या पलीकडची काकू मोजते. एकदा भिंतीवरून म्हणाली, आज दोनच झाल्या वं, डाळ शिजली नसंल.

उमरेडची
मग शिजली होती का?

रत्नागिरी ते ब्रह्मपुरी
नव्हती

नाव नको
गोडगोड नको म्हणालात म्हणून. आम्ही मराठवाड्यातून आलो, त्यामुळे उन्हाचं काही वाटलं नाही. घर शोधताना पहिला प्रश्न आडनाव. आडनावावरून कळलं नाही तर मग "म्हणजे कोणते?" पहिलं घर, "कालच दुसऱ्याला दिलं". दुसरं घर, "पोरगा येणार आहे राहायला". तिसऱ्याने तर कुलूप उघडून अर्धं घर दाखवलं, आडनाव ऐकलं आणि किल्ली शोधायलाच विसरला बाकीच्या अर्ध्याची. मे महिन्यात दुपारी बायको आणि पोरगी कडुनिंबाखाली बॅगा घेऊन बसलेल्या. चौथ्या घरी एक मावशी, एकट्या राहतात, त्यांनी विचारलं काय तर "पाणी सकाळी सहाला येते, उठता का?" बस. अकरा वर्षं झाली, त्यांच्याकडेच आहे. मागच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर नातेवाईक म्हणून माझी सही आहे. पण भाचीला माणसं कशी विचारायचं असेल तर ही पण माणसंच.

वाईची लेक आर्वीची सून
वाचून गप्प बसले. खरं आहे. आम्हाला घर पटकन मिळालं त्याचं कारण मी कधी विचारलंच नाही.

पोस्टिंगचा जुना वायरमन
बाकी गप्पा चालू द्या, माझं एक वाचा. कुलर लोखंडी असतो, खाली पाणी, आत मोटर. दर उन्हाळ्यात आमच्या भागात कुलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी असतेच, आणि बहुतेक वेळा पाणी भरताना नाहीतर ओल्या पायाने हात लागून. पाणी टाकायचं तर आधी बटन नाही, प्लग काढा. तीन पिनचाच प्लग, घराला अर्थिंग आहे का ते घर भाड्याने घ्यायच्या आधी तपासून घ्या, आणि दोन वर्षांचं लेकरू आहे म्हणता तर कुलर खिडकीच्या बाहेरून लावा, घरात स्टँडवर नको. गवत बदलणारा आला होता म्हणता, त्याने मोटरची वायर पाहिली का?

वाईची लेक आर्वीची सून
नाही पाहिली. बोलावते परत.

उपकेंद्रातली सिस्टर
ड्युटीवर आहे, थोडक्यात. ४५ म्हणजे बरं हाये वगैरे मस्करी ठीक, पण ऊन लागून येतात ते इथलेच येतात, नवीन माणूस भिऊन घरात बसतो. अंग तापलेलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, घाम यायचा थांबला तर कांदा-बिंदा करत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच गाडी काढा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. वावरातल्या बाया पहाटे पाचला जाऊन अकराच्या आत घरी येतात ते उगीच नाही.

पांढरकवडा पोस्टिंग
कांदा-बिंदा हा टोमणा मला होता का सिस्टर

उपकेंद्रातली सिस्टर
हो

मूळ दर्यापूर सध्या पुणे
सगळे आजी आणि माठ लिहितायत, मी गल्लीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. जन्म तिथला. बारावीत मार्क कमी पडले तर घरी जायच्या आधी गल्लीला माहीत. बहिणीचं जमलेलं मोडलं तेव्हा दोन महिने तिला ओसरीवर बसता आलं नाही, येणारी-जाणारी "काऊन मोडलं वं" विचारायची, आणि त्याच बाया तिच्यासाठी आमरसाचा डबा आणायच्या, दोन्ही मनापासून. पुण्यात समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं मला माहीत नाही आणि मला फार बरं वाटतं. उन्हाचं मात्र खरंय, इथे ३८ ला लोक हाय हाय करतात तेव्हा मी गालात हसतो.

अस्सल वऱ्हाडी
दर्यापूरवाल्या, बहिनीचं जमलं का मंग?

मूळ दर्यापूर सध्या पुणे
हेच. हेच म्हणत होतो मी.

अस्सल वऱ्हाडी
तोंडातून निंगून गेलं राजा. माफ कर.

चिखलदऱ्याच्या पायथ्याची
कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगून ठेवा भाचीला. मी आले तेव्हा भाजीवाला म्हणाला "सांबार देऊ का", मी म्हटलं नको, आज इडली नाहीये.

उमरेडची
हाहाहा. आणि टमाटर म्हणजे भेद्रं

रत्नागिरी ते ब्रह्मपुरी
भेद्रं आमच्याकडे नाही म्हणत, टमाटरच. गावागणिक बदलतं

उमरेडची
आमची आजी म्हणायची भेद्रं. गोळाभातावर, म्हणजे डाळीचे गोळे घातलेल्या भातावर, तेल ओतायची वरून, आहाहा. कोणी करतं का अजून?

वर्धा कवेलूवाला
घराचं कोणी लिहिलं नाही म्हणून. दिवाळीनंतर घर पाहायला येऊ नका, तेव्हा आमच्याकडचं हवामान पाहून कोणीपण हो म्हणेल. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा साडेतीनवर गेला होता, मंत्री लोकपण अधिवेशनाला डिसेंबरातच येतात, मेमध्ये या म्हणावं. घर पाहायचं तर मेमध्ये, संध्याकाळी पाचला. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. चटका बसला तर रात्री दोनपर्यंत ती भिंत तुम्हाला शेकत बसणार, किती गोड शेजारी असू द्या. वरच्या मजल्याची स्लॅबची खोली घेऊच नका, घ्यावीच लागली तर गच्चीला चुना मारा आणि दिवस मावळल्यावर पाणी मारा. बोअरला मेमध्ये पाणी असते का ते घरमालकाला नाही, शेजारणीला विचारा.

जमलं तर मातीच्या भिंतीचं, कवेलूचं म्हणजे कौलारू जुनं घर बघा. जाड भिंतीत दुपार कळत नाही. सेवाग्रामला बापूंची कुटी पाहिली असेल, माती, बांबू, कवेलू, लांब उतरतं छप्पर. तेही बाहेरूनच आले होते राहायला १९३६ मध्ये, मूळचे गुजरातचे. त्याईले कोणी पगार विचारला नसंल एवढंच.

अस्सल वऱ्हाडी
विचारला असंल, आमचा भरवसा नाही

निवृत्त मास्तर, कारंजा लाड
आमच्या गल्लीत आता सात एसी आहेत, मीच मोजले. पूर्वी रात्री बाजा टाकायच्या तेव्हा कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाचा पोरगा बाहेरगावी पास झाला, कोणाची म्हैस आटली, सगळं आडवं पडल्या पडल्या कळायचं आणि भांडणं पण तिथंच मिटायची कारण शेजारच्या बाजेवर झोपायचं म्हणजे बोलावंच लागतं. आता दारं बंद, बाहेर एसीचं पाणी टपटप आणि त्या पाण्यावरून भांडण, कोणाच्या दारात उतार आहे म्हणून. मी स्वतः मागच्या वर्षी एसी बसवला, बायकोला दम्याचा त्रास आहे, तेव्हा मला बोलायचा अधिकार नाही. पण बाज अजून अंगणातच ठेवलीय. डासांमुळे झोपत नाही, दुपारी मांजर झोपते.

चिखलदऱ्याच्या पायथ्याची
मांजराचा फोटो टाका मास्तर

वाईची लेक आर्वीची सून
पुऱ्या लाटत होते, एवढं झालं का दरम्यान. भाचीला सगळं वाचून दाखवलं फोनवर, नाव नको यांचं पण. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिचा प्रश्न, शाळेचं काय, पुढे मुलगी शाळेत जाणार. म्हटलं आपल्याकडे बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात शाळा, उन्हामुळेच, ते एक बरं. जावई म्हणतात जॉइन होण्याआधी मे अखेरीस चार दिवस येऊन राहून बघू, आमच्याकडेच. भिंतीला हात लावून बघायला आमची वरची खोली आहेच, तीच ती. घर नंतर आम्ही विकत घेतलं, आजींच्या मुलाकडून. खाली आम्ही, वर पाहुणे. दुपारी बाराला ती खिडक्या उघडते का बघायचंय मला.

उमरेडची
उघडली तर जिना चढून जाशील?

वाईची लेक आर्वीची सून
पळत. पण लेकरू एकच का, हे नाही विचारणार.

पोस्टिंगचा जुना वायरमन
वायर पाहिली का ताई?

वाईची लेक आर्वीची सून
तो उद्या येतो म्हणाला. तोवर प्लग काढून ठेवलाय, हातपंख्यावर बसलोय सगळे.

उमरेडची
गोळाभाताचं कोणीच नाही सांगितलं