पावसाळ्यात छोटी बोट पाण्यातच ठेवू की वर काढू?

शिवोलीकर16:
मंडळी, 16 फुटी फायबरची बोट घेतलीय सेकंडहँड, 40 एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन. गोव्यात शापोरा नदीत बांधलेली असते, रविवारी तेवढी बाहेर पडते. मे अर्धा संपत आला. शेजारी म्हणतो राहू दे पाण्यातच, तळाचं पाणी उपसणारा बिल्ज पंप आहे ना, पण मला धाकधूक वाटतेय. आणि वर काढली तर इंजिनाचं नेमकं काय काय करायचं?

मांडवीकाठचा:
वर काढा, विचारच नको. 100 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 100 लिटर पाणी, तुमची बोट 7 चौरस मीटर धरली तरी 700 लिटर आत, आणि असे दिवस आपल्याकडे जुलैत काय कमी असतात का. पंप उपसेल हो, बॅटरी आहे तोवर. वर काढल्यावर नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी उंच ठेवा, ड्रेन प्लग (मागे तळाशी पाणी जायच्या भोकाचं बूच) काढा आणि इंजिनाच्या चावीलाच बांधून टाका, म्हणजे सप्टेंबरात तो न लावता बोट पाण्यात जाणार नाही. मेकॅनिकला आत्ताच गाठा, 1 जूनला मासेमारी बंदी लागली की सगळे ट्रॉलरवाल्यांच्या कामात अडकतात.

बेतीचा_बाब:
घर काठावरच असेल आणि रोज कोणी उपसणारं असेल तर आतल्या खाडीत राहते की बोट, मी बघितलंय. पण रविवारी येणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

गरीवाला:
इंजिनाचं सांगतो. आधी गोड्या पाण्याने धुवा, इअर मफ लावून (पाणी ओढायच्या भोकांवर बसणाऱ्या रबरी वाट्या, त्यांना नळाचा पाइप जोडतात), पाणी सोडल्यावरच स्टार्ट करायचं, कोरडं फिरलं तर इम्पेलरचं, म्हणजे थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंख्याचं, रबर काही सेकंदात जळतं. आयडलवर 10 मिनिटं, मग फ्युएल होज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो, पण ते होईस्तोवर पाणी चालूच हवं. टाकीत पेट्रोल अजिबात ठेवू नका, आता पंपावर ई-20 मिळतं, त्यातलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि ते खाली साचतं. मग स्पार्क प्लग काढून आत फॉगिंग ऑइल, म्हणजे गंज रोखणारं तेल, मारा. इंजिन उभंच ठेवा, आडवं नको. ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) अर्धा खाल्ला गेला असेल तर बदला, त्याला रंग मात्र फासू नका, लोक फासतात.
आणि बाजूला पाणी जिथून पिचकारीसारखं बाहेर येतं ना, ते भोक कापडाने बंद करा. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, मग सप्टेंबरात धार दिसत नाही आणि माणूस नवा इम्पेलर घालून बसतो. पाणी येत नसेल तर आधी त्यात बारीक तार घालून बघा.

शिवोलीकर16:
भारी माहिती, आभार. शनिवारी काढतोच. आज गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून बघितला तर दुधाळ चहासारखं काहीतरी आलं. हे नॉर्मल का?

गरीवाला:
नाही हो, पाणी शिरलंय. प्रॉपेलर काढून बघा, बहुतेक शाफ्टला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, गुंडाळलेला सापडेल, तोच सील कापतो. सील बदलून नवं ऑइल भरा, खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून यायला लागलं की पुरे. हे पावसानंतर करू म्हणून सोडू नका, तीन महिने पाणी आत राहिलं तर बेअरिंगं गंजतील आणि मग खर्च सीलचा नाही, गिअरबॉक्सचा.