मदत हवी आहे: एडीए हे एन्झाइम नसेल तर फटका लिम्फोसाइटनाच (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच) का?

नमस्कार मंडळी, प्युरिन न्यूक्लिओटाइडच्या (डीएनए-आरएनएच्या एका प्रकारच्या घटकांच्या) विघटनात दोन दिवस अडकलोय. साखळी पाठ आहे: ५'-न्यूक्लिओटायडेज एएमपी या न्यूक्लिओटाइडचा फॉस्फेट काढून अ‍ॅडेनोसिन बनवतं, अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज (एडीए) त्याचं इनोसिन करतं, पीएनपी (प्युरिन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज) त्यातली साखर वेगळी करून हायपोझँथिन सोडतं आणि झँथिन ऑक्सिडेज त्याला दोन टप्प्यांत युरिक आम्लापर्यंत नेतं. माणसाकडे चालू स्थितीतलं युरिकेज (युरिक आम्ल मोडणारं एन्झाइम) नाही, म्हणून आपली गाडी तिथेच थांबते. (गाउट या सांधेदुखीचं मूळही इथेच. अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध झँथिन ऑक्सिडेजला अडवतं, हे मात्र एका झटक्यात कळलं!)

घोडं अडलंय ते एडीएपाशी. हे एन्झाइम शरीरातल्या बहुतेक पेशींत असतं. मग ते जन्मतः नसलं की मुख्य फटका टी आणि बी पेशींनाच, म्हणजे लिम्फोसाइटनाच, का? १९९० साली जनुकोपचाराची पहिली मान्यताप्राप्त चाचणी एडीएच्या याच जन्मजात कमतरतेवर झाली, म्हणजे प्रश्न काही किरकोळ नाही.

माझी समजूत अशी: डीऑक्सिअ‍ॅडेनोसिन (अ‍ॅडेनोसिनचं डीएनएतलं रूप, तेही एडीएच मोडतं) साचतं, फॉस्फेट जोडले जाऊन त्याचं डीएटीपी होतं, ते डीएनएचे घटक बनवणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या एन्झाइमला रोखतं आणि डीएनएसाठीचा कच्चा माल तुटतो. पण भराभर विभागणाऱ्या पेशी तर आतड्याच्या अस्तरातही आहेत, त्या कशा तगतात? लिम्फोसाइटमध्ये फॉस्फेट जोडणारं कायनेज जास्त आणि काढणारं न्यूक्लिओटायडेज कमी, एवढंच उत्तर पुरेसं आहे का? आणि पीएनपी नसताना टी पेशीच जास्त का मरतात?

कुणी नीट उलगडून सांगेल का? नुसती आकृती नको, त्या ढीगभर आहेत.