शुक्रवारीत मिळालेला रेल्वेचा कंदील, हिरवी काच निळी कशी?

दांडियाबाजारकर:
मंडळी, परवा बडोद्याच्या शुक्रवारी बजारात (दर शुक्रवारी भरतो तो) एका भंगारवाल्याकडे रेल्वेचा हातकंदील दिसला, पत्र्याचा, काळ्या रंगाचे पोपडे निघालेले, आणि घासाघीस करून घेऊनच आलो (बायको अजून नीट बोलत नाहीये). वर बी.बी. अँड सी.आय. (म्हणजे जुनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) ठोकलंय. आत फिरणारं नळकांडं आहे, त्यात एक काच लाल आणि दुसरी हिरवी हवी ना, ती चक्क निळसर आहे! कोणीतरी बदललीय का? आणि आत बल्ब बसवून गॅलरीत लावायचाय, तर आधी घासून चकाचक करू का?

प्रतापनगरवाला:
अहो थांबा, घासू नका!! ५ नोव्हेंबर १९५१ला बी.बी.सी.आय. वगैरे मिळून वेस्टर्न रेल्वे झाली, म्हणजे हा त्याआधीचा माल, आणि पॉलिश पेपर मारला की अक्षरंच जातात. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ नाकात नको. काजळी ओल्या फडक्याने पुसा, गंजावर मशीनचं तेल, बास. ते चकचकीत पितळी 'रेल्वे कंदील' मिळतात ना, ते बहुतेक शोपीस असतात. जी.बी.एस.आर. लिहिलेला, म्हणजे आपल्या गायकवाडांच्या रेल्वेचा, कुठे दिसला तर मात्र मला आधी सांगायचं हं.

डभोईची नात:
काच ओरिजिनलच आहे दादा. आमचे आजोबा नॅरोगेजवर (अरुंद रुळांच्या रेल्वेवर) गार्ड होते. रॉकेलची ज्योत पिवळी असते, तिच्यापुढे अगदी हिरवीगार काच ठेवली तर उजेड पिवळट दिसतो, म्हणून काच निळसर घ्यायचे, मग लांबून बरोब्बर हिरवा दिसतो. तुम्ही पांढरा एलईडी लावलात तर निळाच दिसणार. पिवळ्या उजेडाचा घ्या, बॅटरीवाला, वायरसाठी भोक पाडू नका प्लीज.

सहज_वाचक:
बिल घेतलंत का? रेल्वेचा माल चोरीचा निघाला तर १९६६चा कायदा आहे, ज्याच्याकडे सापडतो त्यालाच विचारतात कुठून आणला.

दांडियाबाजारकर:
बिल कसलं, त्याने पिशवीसुद्धा दिली नाही 😄 पुढच्या शुक्रवारी जाऊन काहीतरी लिहून घेतो. ताई, तुमचं वाचून लगेच देवघरातली पणती आत ठेवून बघितली, भिंतीवर हिरवा! बायको पण बघायला आली.